वादळाआधी उतरवलेलं छप्पर

समोरची वस्तू हाताने गदागदा हलवून पाहिल्याशिवाय तांडेल तिच्यावर विश्वास टाकत नसत. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही. आधी दाराची चौकट धरून हलवली. मग माझं टेबल हलवलं, त्यावरचा चहा एका ट्रकवाल्याच्या फॉर्मवर सांडला. शेवटी खुर्ची हलवली आणि म्हणाले, "धरतंय." मग बसले. बसल्यावर दाराबाहेर टांगलेल्या माझ्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती नाय धरत."

नांगर तळाच्या चिखलात रुतून बसला की कोळी म्हणतात 'धरला'. तांडेलांनी अख्ख्या जगाचे असे दोनच भाग केले होते, धरणारं आणि न धरणारं. देवळाचा कळस, सरपंचाचा शब्द, मुंबईच्या डॉक्टरचं औषध, सगळ्याचा निकाल या दोन शब्दांत लागायचा. जावयाची नोकरी तेवढी हलवून बघता आली नव्हती, म्हणून तिच्याबद्दलचं मत त्यांनी बरीच वर्षं राखून ठेवलं होतं.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. हे चाळीस वर्षं होडीवर होते आणि आता पनवेलच्या खाडीकाठी एका कोळीवाड्यात निवृत्त होऊन बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं. नाव सांगत नाही, कारण वाड्यात त्या नावाची सात माणसं आहेत आणि सातही जण भांडायला येतील.

मी स्वतः विम्याचा एजंट. आता तुम्ही वाचता वाचता जरा मागे सरकला असाल, माझी सवय आहे त्याची. लग्नात मी पंगतीला बसलो की शेजारचे पाट रिकामे राहतात. माझा धंदा चालतो कळंबोलीच्या ट्रकांवर. ट्रकवाल्याला विमा काढावाच लागतो, कायदा आहे. कामोठ्याच्या फ्लॅटवाल्याच्या गळ्यात बँक कर्जाबरोबर पॉलिसी बांधते, ती त्याने कपाटात नेमकी कुठे ठेवली हे त्यालाही ठाऊक नसतं. आपण होऊन घराचा विमा मागणारा माणूस माझ्या नशिबात नव्हताच. जो आला तो माणूस नव्हता, बाई होती. तांडेलांची बायको.

मावशी पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. मी तिच्याकडून बोंबील घेत होतो आणि एकीकडे फोनवर कुणालातरी पॉलिसी समजावत होतो. फोन ठेवल्यावर तिने कोयता खाली ठेवून विचारलं की हे घराचंही असतं का. असतं म्हटल्यावर तिने गिऱ्हाइकं थांबवून मला तिच्या वरच्या खोलीची हकिगत सांगितली. घराला खाली स्लॅब होता, तो नवऱ्याच्या होडीच्या पैशांतून. त्या स्लॅबवर तिने स्वतःच्या टोपलीच्या कमाईतून एक खोली चढवली होती. चार इंची विटेच्या भिंती, वर पत्रे, खिडकीला जाळी. आयुष्य माशांच्या वासात काढलं, आता म्हातारपणी वर बसून खाडीचा वारा खायचा आणि टीव्ही बघायचा, एवढीच तिची इच्छा. त्या खोलीला काही झालं तर तिच्यात पुन्हा तेवढं बळ नव्हतं. म्हणून तिला कागद हवा होता.

घर नवऱ्याच्या नावावर, म्हणून सही करायला तांडेल आले होते. पॉलिसीचा कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरून ओढून बघितला. मी म्हटलं, अहो फाटेल. ते म्हणाले की फाटला तर आत्ताच कळलेलं बरं. मग त्यांनी तो मला अख्खा वाचून दाखवायला लावला. एवढ्या वर्षांत पॉलिसी वाचून दाखवा म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी स्वतःही ती त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं की कंपनीचा वाटा किती. होडीवर मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे. ज्याचा वाटा आहे त्याने दोर ओढायला हजर राहायचं, हा नियम. मी समजावलं की कंपनी वाटा घेत नाही, हप्ता घेते. हप्ता म्हणजे वाटाच, ते म्हणाले. बरं, मग वादळ आलं की दोर ओढायला कंपनीचं कोण येणार? मी म्हटलं, दोर ओढायला कुणी येत नाही. नुकसान झाल्यावर पाहायला माणूस येतो.

"नंतर तं सगलेच येतात," तांडेल म्हणाले.

मी पॉलिसीचा कागद उगीच सरळ केला. तांडेलांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला. कंपनीचं माणूस म्हणजे तुम्ही. वाटा तुमचा. वादळ आलं की तुम्ही या. मी हसत हो म्हणालो. माणूस हप्ता भरतोय म्हटल्यावर एजंट कशालाही हो म्हणतो.

त्या दिवसापासून वाड्यात ते माझी ओळख 'आमचे वाटेकरी' अशी करून देऊ लागले. आणि घराची तयारी सुरू झाली. कागद हातात आल्यावर माणूस निर्धास्त होतो असा माझा समज होता, विकतानाही मी तसंच सांगायचो. तांडेलांचं उलटंच झालं. दुसऱ्याचा वाटा असलेली वस्तू आपल्या हलगर्जीने बुडाली तर तोंड कसं दाखवायचं, ही त्यांची काळजी. त्यांनी पत्र्यांना दुप्पट हुक मारले. माडाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवल्या. पाण्याची टाकी नायलॉनच्या दोराने अशी बांधली की ती धुवायला सोडवताना मावशीला दोन दिवस लागले. आणि दर अमावास्या-पौर्णिमेला, भरतीच्या हिशेबाने, मला फोन. खिडकीचा डावा कोयंडा ढिला होता, आवळला. नाल्याच्या तोंडाची माती काढली. मी नुसता हं हं करायचो आणि समोरच्या ट्रकवाल्याला खुणेने बसा म्हणायचो.

त्यांच्या शेजारी एक शेठ होते. शेतकरी घराणं, जमीन विकून खडी-रेतीच्या धंद्यात शिरलेलं. माणूस दिलदार, पण शेजारच्या घरी जे येईल ते आपल्याकडे आठवड्याच्या आत आलं पाहिजे हा बाणा. तांडेलांकडे पॉलिसी आली म्हटल्यावर त्यांनीही घेतली, दुपटीची. आणि त्या दिवसापासून घराकडे पाहणं सोडून दिलं. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांचा गडी गच्चीवरच्या शेडचे बोल्ट आवळायचा, ते बंद झालं. "आता कंपनी बघल," असं ते गच्चीवरून तांडेलांना ओरडून सांगायचे. तांडेल हातातल्या पान्याने हुक आवळत असायचे. तेच मडकं, तेच पाणी, पण एकाला लागली तहान आणि एकाला आली झोप. विमा कुणाला काय करील ते हप्ता घेताना सांगता येत नाही, एवढं मी या दोघांकडून शिकलो.

मग एका वर्षी ते चक्रीवादळ आलं. तीन दिवस आधीपासून मोबाइलवर सूचना येत होत्या. लोक मेणबत्त्या आणि बटाटे आणून ठेवत होते. वादळ यायचं त्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला.

"या. वादल येतंय. तुमचा वाटा हाय."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. बायको म्हणाली, जा आता, वाटेकरी ना तुम्ही. मी ऑफिसची इस्त्रीची पँट घालूनच गेलो. वाटलं, दहा मिनिटं उभं राहू, दोराला हात लावल्यासारखं करू आणि परत येऊ.

गेलो तर तांडेल वरच्या खोलीच्या पत्र्यांवर उकिडवे बसून पाना फिरवत होते. मला वाटलं आवळतायत. ते सोडत होते. दुप्पट हुक मारलेले, त्यामुळे सोडायला दुप्पट वेळ लागत होता आणि ते स्वतःलाच शिव्या घालत होते. मी खालून ओरडलो की अहो तांडेल, बांधायचं ना? त्यांनी माझ्याकडे शाळेत नापास झालेल्या नातवाकडे पाहावं तसं पाहिलं.

"मोठा वारा आला तं शीड बांदून ठेवतात का उतरवतात?"

एवढं बोलून त्यांनी दोराचं टोक माझ्याकडे फेकलं. मग सकाळभर आम्ही छप्पर उतरवलं. तांडेल पत्रा सोडायचे, मी दोराने तो हळूहळू खाली द्यायचो, मावशी खाली झेलून खालच्या खोलीत एकावर एक रचायची आणि वर जुनं जाळं टाकून दगड ठेवायची. शेठ आपल्या गच्चीवरून ही मौज बघत होते. त्यांनी घरातला जुना टीव्ही आणि गंजका फ्रिज आणून शेडच्या उघड्या बाजूला मांडला होता. वादळात जायचं ते जाऊ दे, नवीन येईल. त्यांनी मला डोळाही मारला.

मावशीचं मात्र मला नवल वाटलं. ही बाई आयुष्यात कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. बाजारात तिच्याशी भाव करताना पोलीससुद्धा सावधान उभे राहतात. तिची लाडकी खोली डोळ्यांदेखत उघडी पडत होती आणि ती तोंडातून अक्षर न काढता पत्रे झेलत होती. मला वाटलं वादळाला घाबरली असेल. खरं तर एजंट म्हणून तेव्हा माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. दोर ओढताना माणूस एजंट राहत नाही, हाताची सालं तेवढी जातात.

दुपारी वादळ आलं आणि काय आलं ते तुम्ही इथले असाल तर तुम्हाला सांगायला नको. आम्ही दारं-खिडक्या लावून पनवेलच्या घरात बसलो होतो. वारा उतरल्यावर ऑफिस बघायला गेलो. तांडेलांनी नापास केलेली माझी पाटी खाली आली होती आणि नेमकी माझ्याच स्कूटरवर पडली होती. स्कूटरचा विमा संपून बारा दिवस झाले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझी बायको तेव्हापासून पाहुण्यांना सांगते.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात पडलेली झाडं चुकवत मी कोळीवाड्यात पोहोचलो. शेठच्या गच्चीवर टीव्ही आणि फ्रिज जिथल्या तिथे होते, शेड मात्र गायब. तिचे पत्रे अख्ख्या वाड्यात पसरले होते. एक माडाच्या शेंड्यात अडकला होता, एक तांडेलांच्या अंगणात, तुळशीपासून दोन हातांवर जमिनीत उभा रुतला होता. कुणाला लागलं नाही हे नशीब. तांडेल ते पत्रे गोळा करून शेठच्या दाराशी रचत होते.

त्यांचे स्वतःचे पत्रे खालच्या खोलीत सुखरूप होते, एकाला पोचा नाही. पण वरच्या खोलीच्या दोन भिंती आडव्या झाल्या होत्या. चार इंची भिंतीला वरून छपराचाच आधार असतो, तो काढल्यावर वाऱ्यापुढे तिचा काय टिकाव लागणार. मावशी विटांच्या ढिगात उभी राहून खिडकीची जाळी ओढून काढत होती. मी तिला म्हटलं, घाबरू नका, यासाठीच कागद आहे. आणि म्हणता म्हणता ती घंटा माझ्या डोक्यात वाजली, एक दिवस उशिरा.

कंपनीचा सर्व्हेअर आला चार दिवसांनी. नुकसान पाहायला येणारा माणूस तो हाच. तरुण होता, मनाने चांगला होता. तो यायच्या आधी मी तांडेलांची शिकवणी घेतली. हे सांगायला मला लाज वाटते, पण घेतली. म्हटलं, एकच वाक्य बोलायचं, छप्पर वाऱ्यानं गेलं. मावशीनेही त्यांच्या डोक्यावर उभं राहून तेच सांगितलं. तांडेल बरं म्हणाले. आम्ही वर गेलो, मावशी चहा करायला खाली राहिली. सर्व्हेअरने फोटो काढले, माप घेतलं आणि वही उघडली.

"आजोबा, छप्पर वाऱ्यानं गेलं ना?"

"नाय. मी उतरवलं."

सर्व्हेअरने पेन थांबवलं. त्याला वाटलं म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. म्हणजे वारा सुटला, काही पत्रे उडाले आणि उरलेले तुम्ही काढून घेतले, असंच ना, असं त्याने विचारलं. विचारलं कसलं, पोराच्या तोंडात घास भरवावा तसं भरवलं.

"वारा दुपारी आला. मी सकालीच उतरवले," तांडेल म्हणाले. "यांना इचारा, दोर यांनी धरला व्हता."

सर्व्हेअरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत नव्हतंच, त्यामुळे बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिलो. सर्व्हेअरने सुस्कारा टाकून समजावलं की भिंत पडली कारण छप्पर नव्हतं, आणि छप्पर नव्हतं कारण तुम्ही काढलं. यात वाऱ्याने केलेलं नुकसान मी दाखवू कुठे? तरी त्याने अजून एक दार किलकिलं केलं. तुम्हाला असं करायला कुणी सांगितलं होतं का, असं त्याने विचारलं. पंचायत, तहसील ऑफिस, कुणी जबाबदार माणूस. कुणी सांगितलं असेल तर तो तसं लिहील, काहीतरी मार्ग निघेल.

मावशी तेवढ्यात चहाचे कप घेऊन जिन्यात आली होती. ती तिथेच थांबली. तांडेलांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कोनी नाय सांगितलं," ते म्हणाले. "माजंच डोकं."

मावशीने कप पडक्या भिंतीवर ठेवले आणि उलट पावली खाली गेली. पायऱ्यांवर तिची पावलं जोरात वाजली. मी मनात म्हटलं, तांडेल, आज तुमचं काही खरं नाही.

सर्व्हेअर गेल्यावर मी चिडलोच. एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं, म्हटलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले की चाळीस वर्षं वाऱ्याच्या जिवावर होडी हाकली, त्याने न केलेलं काम त्याच्या नावावर कसं लिहायचं? मला राग आला होता आणि त्यांचे पायही धरावेसे वाटत होते. दोन्ही केलं नाही, गार चहा प्यालो.

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं. शेठचा मंजूर झाला. त्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यामुळे नामंजूर करण्यासारखंही काही नव्हतं. आणि मावशीचं तोंड सुटलं. दोन महिने सुटलेलं होतं. सकाळी घरात, दुपारी बाजारात, संध्याकाळी नळावर. पापलेटच्या भावाबरोबर गिऱ्हाइकाला तांडेलांच्या अकलेचाही भाव कळायचा. या म्हाताऱ्याने माझी खोली खाल्ली, माझ्या टोपलीची कमाई वाऱ्यावर सोडली. अख्ख्या वाड्याला पाठ झालं. तांडेल समोर बसून भात कालवत असायचे, ऐकायचे, जेवायचे आणि ताट धुऊन ठेवायचे. मी त्या दोन महिन्यांत बाजाराच्या त्या टोकाला फिरकलो नाही. घरी वालाची उसळ आणि भेंडी चालली होती, बायको खूश होती.

दोन महिने ओरडून मावशीचा घसा बसला, तोवर इकडे भिंती उभ्या राहिल्या होत्या. तांडेलांनी जुन्या होडीवरचे चार म्हातारे खलाशी जमवले. या वेळी कोपऱ्यांत खांब घातले आणि भिंतीवरून सिमेंटची पट्टी फिरवली. तेच पत्रे पुन्हा चढवले. शेठने नवे निळे पत्रे आणले आणि ते आवळून द्यायला कुणाला बोलावलं असेल? तांडेल गेले आणि आवळून आले. शेठचा जुना टीव्ही पुढे तीन वर्षं चालला.

मला खात्री होती की पुढच्या वर्षी हे पॉलिसी काही चालू ठेवणार नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर तांडेल ऑफिसात हजर. चौकट हलवली, टेबल हलवलं, मी आधीच चहा उचलून धरला होता. न राहवून विचारलं की ज्या कागदाने तुम्हाला पै दिली नाही तो पुन्हा कशाला घेता. ते म्हणाले, एकदा नांगर नाय धरला म्हणून नांगर फेकून देत नाहीत. असे ते दरवर्षी येत राहिले. सूचना आली की मला फोन यायचा आणि मी जायचो. नंतरच्या वाऱ्यांना छप्पर उतरवावं लागलं नाही, पण दोर माझ्या हाताला ओळखू लागला होता.

गेल्या थंडीत तांडेल गेले. चार दिवसांचा ताप. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी घरी भेटून आलो, पण तिथे गर्दी होती. इतकी वर्षं मी त्यांना गिऱ्हाईक समजत होतो आणि ते मला वाटेकरी. या व्यवहारात माझं मोजमाप फार चुकलं होतं, हे मला परतीच्या वाटेवर कळलं आणि वाईट वाटलं.

यंदा पावसाळ्याआधी मावशी ऑफिसात आली. पॉलिसीवर आता तिचं नाव लावायचं होतं. चहा मागवला. वातावरण हलकं करायला मी म्हटलं, मावशी, आता पुढच्या वादळात छप्पर राहू द्या हं जागेवर, निदान क्लेम तरी मिळेल.

"नाय," ती म्हणाली. "उतरवनार. तवापन मीच सांगितलं व्हतं."

मला कळलंच नाही. ती टेबलाकडे बघत सांगत गेली. वादळाच्या आदल्या रात्री तांडेल म्हणत होते की दुप्पट हुक आहेत, पत्रे राहतील. हीच हट्टाला पेटली. लहानपणी एका वादळात उडालेला पत्रा तिच्या भावाच्या पायावर बसला होता, तो भाऊ अजून लंगडतो. खोली तिची, पत्रे तिचे. तिच्या पत्र्याने वाड्यात कुणाचं काही झालं असतं तर तिला त्या खोलीत एक दिवस झोप लागली नसती. तांडेलांनी ऐकलं आणि सकाळी शिडी लावली.

"तो सायेब इचारत व्हता, कोनी सांगितलं. मी जिन्यात उभी व्हते, मना बोलाचं व्हतं. त्यानं बोलूच दिलं नाय. आपलं डोकं म्हनाला."

मी विचारलं, मग दोन महिने त्यांना एवढं बोललात ते?

"मंग काय करू? सोताला कसं बोलाचं?" ती म्हणाली. "तो जेवाचा आनि ऐकाचा. मेला तरी कुनाला बोलला नाय."

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि एजंटाला विचारावा तसा सरळ प्रश्न विचारला. आपला पत्रा उडून दुसऱ्याची मान कापली, तर त्याचा कागद असतो का तुमच्याकडे? त्याची वेगळी पॉलिसी असते, हे अगदी माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण ते वाक्य मी गिळलं. नाही म्हणालो.

सही करायला परतताना येते म्हणून ती बाजाराकडे गेली. नाव बदलण्याच्या फॉर्मवर मागच्या वर्षीच्या प्रतीवरून माझ्या ऑफिसातल्या पोऱ्याने सवयीने तांडेलांचंच नाव भरून ठेवलं होतं. त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर तिचं नाव लिहायचं, बाजूला सही करायची, कंपनीला ते चालतं. मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. मग तो फॉर्म घडी करून खणात ठेवला आणि नवा कोरा फॉर्म घेतला.